एनपीएच मोजमाप : प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२५

राऊंड संपल्यावर सरांनी काम अंगावर टाकलं. नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसचे (एनपीएच) जे रुग्ण आपल्याकडे येतात त्यांचं शंटच्या आधी आणि नंतर एकाच पद्धतीने मोजमाप व्हायला हवं. पत्रक तयार करा, काही महिने चालवून बघा. मंडळी तीन. मी फिजिओथेरपीकडून, आमच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडम, आणि न्यूरोसर्जरीचा दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, ज्याला झोप सोडून बाकी सगळ्याला वेळ असतो.

दुपारी रेकॉर्ड रूममधून जुन्या फायली काढल्या. ऑपरेशनच्या आधी बहुतेक ठिकाणी एकच मजकूर: चालण्यात दोष, अधिक चिन्ह, विस्मरण, अधिक चिन्ह, लघवी, अधिक चिन्ह. नंतरच्या ओपीडीत ‘इम्प्रूव्ह्ड’. एकीत ‘मच बेटर’. किती, कशात आणि कोणाच्या मते, याचा पत्ता नाही. एका फायलीत मात्र कोणीतरी मन लावून ‘चालायला ३४ सेकंद’ असं लिहून ठेवलंय. किती अंतर चालायला, ते लिहिलेलं नाही.

या आजारात मेंदूतल्या पोकळ्या पाण्याने फुगतात, पण पाठीतून सुई घालून दाब मोजला तर तो नॉर्मल निघतो. त्रास तीन: पाय जमिनीला चिकटल्यासारखे चालणं, बुद्धी मंदावणं आणि लघवीवरचा ताबा जाणं. घरचे तिन्ही गोष्टी ‘वय झालं’ या खात्यावर टाकून मोकळे होतात. उपाय म्हणजे शंट: डोक्यातलं पाणी पोटात सोडणारी बारीक नळी, मधे व्हॉल्व्ह. वयाच्या सत्तरीत ज्या थोड्या आजारांत माणूस मागे फिरू शकतो त्यातला हा एक. गोथेनबर्गच्या लोकसंख्येवरच्या अभ्यासात सत्तर ते एकोणऐंशी या वयात ०.२ टक्के आणि ऐंशीच्या पुढे ५.९ टक्के लोकांना हा आजार असावा असं निघालं. म्हणजे दुर्मीळ म्हणून सोडून द्यावा असा नाही.

८ ऑक्टोबर

वाचन. आजाराची कथाच मोजमापाशिवाय सुरू होते. १९५७ साली कोलंबियात, बोगोटात, न्यूरोसर्जन सालोमोन हकीम यांच्याकडे सोळा वर्षांचा, अपघातात डोक्याला मार लागलेला मुलगा होता. तपासणीसाठी म्हणून पाठीतून १५ मिली पाणी काढलं आणि दुसऱ्या दिवशी तो बोलायला लागला. इतका ढळढळीत फरक असला तर कसली मोजपट्टी लागते! पुढे १९६५ मध्ये बोस्टनच्या रेमंड ॲडम्स यांच्यासोबत निबंध आले, आजाराला नाव मिळालं. आमच्याकडे येणारी सत्तरीची माणसं अशी एका रात्रीत बोलायला लागत नाहीत. त्यांच्यात फरक पडतो तो दहा मीटरमागे पाच-सहा सेकंदांचा, आणि तो नजरेने पकडता येत नाही.

मोजपट्ट्या बऱ्याच आहेत. जपानी ग्रेडिंग स्केल सगळ्यात सुटसुटीत: चालणं, बुद्धी, लघवी, प्रत्येकाला ० ते ४, एकूण १२, जितके गुण जास्त तितका आजार जास्त. पाच मिनिटांत होतं. अडचण अशी की ‘डगमगतो पण आधाराशिवाय चालतो’ ही एकच पायरी आहे आणि आमचे निम्मेअधिक रुग्ण तिच्यावरच उभे असतात; वेग दुप्पट झाला तरी आकडा २ चा २. डच अभ्यासातली पट्टी चालण्याचे दहा दोष वेगवेगळे तपासते, ते मला फिजिओ म्हणून आवडलं. स्वीडनची २०१२ ची हेलस्ट्रॉम यांची पट्टी चार गोष्टी मोजते: चालणं, बुद्धीच्या चाचण्या, तोल, लघवी. प्रत्येकाला ० ते १००, आणि १०० म्हणजे निरोगी ७० ते ७४ वर्षांच्या माणसाची कामगिरी. शिवाय स्ट्रोकवाल्यांची मॉडिफाइड रँकिन, माणूस कितपत परावलंबी झालाय ते सांगणारी, ० ते ६. ती सगळ्यांना तोंडपाठ असते, म्हणून सगळीकडे वापरली जाते.

१० ऑक्टोबर

स्वीडिश पट्टीचं गणित कागदावर करून पाहिलं. चालण्याचे गुण दोनदा धरायचे, बाकी तिन्हींचे एकेकदा, बेरजेला पाचने भागायचं. एकूण किमान ५ गुण वाढले तर ‘सुधारणा’.

लघवीच्या पायऱ्या सहा, म्हणजे एक पायरी २० गुणांची. रुग्ण एक पायरी वर आला तर एकूण वाढ होते ४. नापास! तोलाच्या सात पायऱ्या. एक पायरी चढली तर एकूण जेमतेम ३. चालण्यात मात्र साडेबारा गुण वाढले की ५ पदरात पडले, बाकी सगळं जागच्या जागी असलं तरी.

चालण्याला दुप्पट वजन का, ते समजतं. या आजारात पहिल्यांदा बिघडतं ते चालणं आणि शंटनंतर सगळ्यात जास्त सुधारतंही तेच. पण ज्या घरात रोज रात्री अंथरूण बदलावं लागतं, त्या सूनबाईंना ‘एक पायरी सुधारली, पण एकूण चारच गुण, सुधारणा धरता येत नाही’ असं मी काय तोंडाने सांगू?

आणि नुसत्या पट्टीने निकाल किती हलतो ते युरोपच्या बहुकेंद्री अभ्यासात दिसतं (१३ केंद्रं, १४२ रुग्ण, २०१२). तेच रुग्ण, त्याच शंट. वर्षभराने स्वीडिश पट्टीवर ८४ टक्के सुधारले, रँकिनवर ६९ टक्के. उद्या कोणी छातीठोकपणे ‘आमच्याकडे ऐंशी टक्के रुग्ण सुधारतात’ म्हणालं, तर पहिला प्रश्न पट्टी कोणती हा विचारायचा.

ठरलं: पत्रकाच्या पहिल्या पानावर एकूण बेरीज नाही. चालणं, तोल, बुद्धी, लघवी, चारही आकडे वेगवेगळ्या ओळींत, आधी आणि नंतर शेजारी-शेजारी. बेरीज मागच्या पानावर, बाहेरच्या अभ्यासांशी ताडून बघायला लागली तर असावी म्हणून. रेसिडेंटची कुरकुर: सर एकच आकडा मागतील. मागू देत.

१५ ऑक्टोबर

चालण्याची पट्टी आखली. वॉर्ड आणि एक्स-रेच्या मधला कॉरिडॉर. १० मीटर मोजून पिवळी टेप, दोन्ही बाजूंना आणखी दोन-दोन मीटर मोकळे. सुरुवातीचं अडखळणं आणि शेवटचं थांबणं वेळेत धरायचं नाही. (सुरुवातीचं अडखळणं हाही आजाराचाच भाग, म्हणून ते वेगळ्या रकान्यात: ‘पहिलं पाऊल उचलायला वेळ लागतो, हो/नाही’.) सकाळी नऊनंतर तिथून स्ट्रेचर, चहाचा गाडा आणि अख्खी ओपीडी जाते, म्हणून मोजमाप सकाळी सातला किंवा दुपारी चारनंतर.

काय काय लिहायचं: सेकंद, पावलं, वळताना किती पावलं. निरोगी माणूस चार-पाच पावलांत वळतो. हे लोक पाय उचलतच नाहीत, जागच्या जागी सरकत सरकत फिरतात. पादत्राण कोणतं, तेही. स्लीपर घातलेला माणूस आणि अनवाणी माणूस यांची तुलना करण्यात अर्थ नाही, म्हणून सगळ्यांनी अनवाणी. नऊवारी नेसलेल्या आजी एका हाताने ओचा धरून चालतात. तोही हात नोंदवायचा, आणि पुढच्या वेळी तसंच लुगडं.

सूचना पत्रकावर छापून टाकली: ‘घरात चालता तसं, आपल्या चालीने चाला.’ एवढंच बोलायचं. कारण नातेवाईक मागून ‘बाबा, भरभर, भरभर!’ म्हणून ओरडतात आणि बाबा खरंच भरभर चालायला जातात. नातेवाइकांना दाराबाहेर उभं करायचं.

उठून तीन मीटर चालून परत बसायच्या चाचणीसाठी खुर्ची एकच हवी, ४६ सेंटिमीटर उंचीची. एक स्टीलची मिळाली, तिच्या पाठीवर लाल रंगाने ‘एनपीएच’ लिहिलं.

१६ ऑक्टोबर

खुर्ची कँटीनमध्ये सापडली. परत आणून साखळीने बांधली.

२९ ऑक्टोबर

दिवाळीनंतर मॅडमसोबत बुद्धीच्या चाचण्यांवर बसलो. हा सगळ्यात किचकट भाग.

स्वीडिश पट्टीत तीन चाचण्या आहेत: खाचा असलेल्या २५ भोकांत खुंट्या बसवणं, पंधरा शब्दांची यादी पुन्हा पुन्हा ऐकून आठवणं, आणि स्ट्रूप. खुंट्यांचं काम झकास: अक्षरओळख लागत नाही, भाषा लागत नाही, घड्याळ लावलं की झालं. आयुष्यभर माग चालवलेल्या माणसाची बोटं इतरांपेक्षा चलाख असणार, पण आपण त्याची तुलना त्याच्याशीच करणार आहोत.

स्ट्रूपने डोकं खाल्लं. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो, आणि रुग्णाने शाईचा रंग सांगायचा. वाचायची सवय आड येते म्हणून वेळ लागतो, आणि तो आड येणारा भागच मोजायचा असतो. आता शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजींना हे दिलं, तर आड यायला काही नाहीच! त्या शांतपणे रंग सांगत सुटणार आणि कागदावर त्यांचा मेंदू निवृत्त हेडमास्तरांपेक्षा तल्लख दिसणार. मॅडम म्हणाल्या, सरावाने वाचणारा असेल तरच स्ट्रूप. बाकीच्यांचा रकाना रिकामा. शून्य लिहायचं नाही, ‘लागू नाही’ लिहायचं.

पंधरा शब्दांच्या याद्या मॅडम मराठीत दोन बनवणार, आधीची वेगळी आणि नंतरची वेगळी. तीच यादी तीन महिन्यांनी दिली तर काहींना ती आठवते आणि ती आठवण शंटच्या नावावर जमा होते.

स्वीडनच्या वृद्धांवर ठरवलेले १०० गुण सोलापूर जिल्ह्यातल्या चौथी शिकलेल्या माणसाला लावणं मॅडमना अजिबात मान्य नाही, आणि मलाही. बुद्धीच्या ओळीत कच्चे आकडेच लिहायचे: इतके सेकंद, इतके शब्द.

५ नोव्हेंबर

पहिला रुग्ण. वय ७२, पॉवरलूमवर चादरी विणण्यात उमेद गेलेली. दोन वर्षं गुडघ्याचे उपचार झाले, मग पार्किन्सनच्या गोळ्या. सीटीवर पोकळ्या मोठ्या (इव्हान्स इंडेक्स, म्हणजे पोकळ्यांच्या रुंदीचं कवटीच्या रुंदीशी प्रमाण, ०.३ च्या वर), वरच्या बाजूला मेंदूच्या घड्या दाटलेल्या. काकांना कंबरेतून पाणी काढायचं म्हटल्यावर घरच्यांचे चेहरे उतरले. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ हे आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक घर म्हणतंच. रेसिडेंटने अर्धा तास बसून समजावलं. शहाणा आहे पोरगा.

टॅप टेस्ट म्हणजे ३० ते ५० मिली पाणी काढून चालण्यात फरक पडतो का ते बघणं. बहुतेक ठिकाणी टॅपच्या आधी एकदा चालवतात, नंतर एकदा. मी आग्रह धरला की आधी दोन वेगवेगळ्या दिवशी मोजायचं, दर वेळी दोन फेऱ्या. काकांचे टॅपच्या आधीचे सेकंद: २६, २५, २७, २४. म्हणजे काही न करताच त्यांच्यात तीन सेकंदांची हालचाल आहे. पावलं ३१ ते ३३.

दुपारी ४० मिली काढलं. तीन तासांनी: २४ सेकंद, ३० पावलं. मुलगा म्हणाला, ‘मॅडम, फरक पडला की!’ मी गप्प. २४ तर आधीही आले होते.

६ नोव्हेंबर

सकाळी सातला काका: १९ सेकंद, २५ पावलं. दुसरी फेरी १९. हा आकडा आधीच्या पट्ट्याच्या पार बाहेर आहे. वेग सेकंदाला सरासरी ०.३९ मीटरवरून ०.५३ वर. वळायला ११ पावलं लागत होती, आज ७.

शरीर तासाला साधारण २० मिली पाणी बनवतं, म्हणजे काढलेलं दोन-अडीच तासांत भरून यायला हवं. तरीही फरक दुसऱ्या दिवशी ठळक दिसतो. सुईच्या भोकातून पाणी झिरपत राहतं हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण. कारण काहीही असो, पत्रकात तीन तास आणि चोवीस तास असे दोन्ही रकाने ठेवले. फक्त तीन तासांवर थांबलो असतो तर काका ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी गेले असते.

१८ नोव्हेंबर

दुसऱ्या रुग्ण, ६८ वर्षांच्या आजी. टॅपने काडीचाही फरक नाही. घरचे म्हणाले, मग नळीचा उपयोग नाही ना? इथे आकडा नीट वाचायला हवा. टॅप टेस्ट पॉझिटिव्ह आली तर शंटचा फायदा होण्याची शक्यता चांगली. निगेटिव्ह आली तर फारसं काही कळत नाही, कारण २००५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार तिची संवेदनशीलता (फायदा होणाऱ्यांपैकी किती जणांना ती पकडते) २६ ते ६१ टक्केच. सरांनी तीन दिवस कंबरेत नळी ठेवून थेंबथेंब पाणी काढायचं ठरवलं.

२२ नोव्हेंबर

आजींचा वेग नळीच्या तिसऱ्या दिवशी वाढला. आकडे पत्रकात. घरी जाताना म्हणाल्या, ‘पोरी, त्या पिवळ्या पट्टीवरून मला स्वप्नात पण चालवतीस.’

२७ नोव्हेंबर

जर्नल क्लबमध्ये (नवे शोधनिबंध एकत्र वाचायची आमची बैठक) शंटवरची पेन्स चाचणी वाचायला घेतली, यंदा सप्टेंबरमध्ये आलेली. ९९ रुग्ण, सगळ्यांना शंट बसवली. निम्म्यांचा व्हॉल्व्ह उघडा, निम्म्यांचा इतक्या जास्त दाबावर लावलेला की जवळपास बंदच. कोणाचा कसा ते रुग्णाला माहीत नाही, मोजणाऱ्यालाही नाही. तीन महिन्यांनी चालण्याचा वेग उघड्या गटात सेकंदाला ०.२३ मीटरने वाढला, बंद गटात ०.०३ ने. तोलही सुधारला. बुद्धी आणि लघवीच्या मापांत मात्र दोन गटांत ठोस फरक दिसला नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी बेरीज घेतली नाही. एक गोष्ट निवडली, वेग, आणि ती आधीच जाहीर केली. बाकीच्या गोष्टी तीन महिन्यांत हलल्या नाहीत की त्या मापांना हलकं हलणं दिसत नाही, हा वाद जर्नल क्लबमध्ये चहा संपला तरी मिटला नाही. मॅडमचं म्हणणं, बुद्धीला तीन महिने कमीच. मला वाटतं लघवीचं माप मुळातच भोंगळ आहे. ते आता हातात घ्यायचं.

त्याच चाचणीत उघड्या गटात उभं राहिल्यावर डोकं दुखणं आणि कवटीखाली रक्त साचणं जास्त होतं. आमच्या पत्रकात त्रासाचा रकानाच नव्हता, घातला. आमच्याकडे बहुतेकांना स्वस्तातली देशी छाब्रा शंट बसते. पाणी जास्त वाहायला लागलं तर बाहेरून चुंबकाने दाब बदलायची सोय असलेला महागडा व्हॉल्व्ह थोड्यांनाच परवडतो. त्यामुळे डोकेदुखी लवकर नोंदली जाणं इथे जास्त गरजेचं.

१२ डिसेंबर

लघवी. पट्ट्यांमध्ये विचारतात: कधीतरी, आठवड्यातून काही वेळा, रोज. उत्तर कोण देतं यावर पायरी बदलते. आजी मुलासमोर ‘तसलं काही नाही’ म्हणतात. सून बाहेर आल्यावर सांगते, रोज दोन लुगडी धुते मी. आता आजींना एकटीने सिस्टर विचारणार, घरच्या बाईमाणसाला वेगळं विचारणार, आणि दोन्ही उत्तरं लिहायची.

त्याहून महत्त्वाचं: संडास कुठे आहे? या आजींच्या घरी परसात, मागच्या दारापासून वीसेक पावलं, मधे दोन पायऱ्या. कळ येते, उठायला वेळ, पहिलं पाऊल उचलायला वेळ, दारातच काम होतं. हे मूत्राशयाचं अपयश की पायांचं? तीन दिवसांची डायरी दिली. प्रत्येक प्रसंगापुढे सुनेने दोनातल्या एकावर खूण करायची: ‘कळलं, पण पोचता आलं नाही’ किंवा ‘कळलंच नाही’.

१९ डिसेंबर

काकांची शंट झाली. आजींची पुढच्या आठवड्यात.

२८ जानेवारी २०२६

आजींची शंटनंतरची पहिली डायरी आली. ऑपरेशनच्या आधी तीन दिवसांत ‘पोचता आलं नाही’ ७, ‘कळलंच नाही’ २. आता १ आणि २. लघवीच्या पट्टीवर आजी वर गेल्या, घरच्यांचं ओझं खरंच उतरलं, त्यात शंका नाही. पण मूत्राशय जिथल्या तिथे आहे. सुधारले ते पाय. बेरजेत ही सुधारणा लघवीच्या रकान्यातून पुन्हा आत येते. चालण्याचे गुण आधीच दोनदा धरलेले, हा तिसऱ्यांदा.

सरांना हे दाखवलं. बराच वेळ डायरी बघत बसले, मग म्हणाले, हा रकाना कायम ठेवा. एकूण बेरीज पुन्हा मागितली नाही.

१० फेब्रुवारी

काका मागच्या महिन्यात १५ सेकंदांवर आले होते. आज २१, आणि पावलं पुन्हा सत्तावीस. घरचे म्हणतात, ‘तसे बरेच आहेत की.’ आधीच्या मानाने आहेतच. सीटी केली, पोकळ्या होत्या तशाच. पण या आजारात शंट नीट चालू असतानाही पोकळ्या फारशा लहान होत नाहीत, त्यामुळे सीटीवरून हायसं वाटून घेण्यात अर्थ नाही. रेसिडेंट आकडा घेऊन सरांच्या मागे लागला. शंट तपासली, पोटातलं टोक अडलेलं निघालं. परवा दुरुस्ती.

२४ फेब्रुवारी

दुरुस्तीनंतर काका १६ सेकंद.

आता न येणाऱ्यांचा प्रश्न. काही रुग्ण ठरलेल्या भेटीला आलेच नाहीत. ऊसतोडीला गेलेला मुलगा, लांबचं गाव, ‘बरं आहे, कशाला यायचं’, किंवा बरं नाही म्हणून आणता येत नाही. युरोपच्या अभ्यासातही १४२ पैकी ११५ जणच वर्षभर टिकले आणि टक्केवारी निघाली ती त्यांच्यातून. न आलेल्यांना वगळलं की आमचे आकडे फुगणार. फोनवर सेकंद मोजता येत नाहीत, पण रँकिन विचारता येते: आधाराशिवाय चालतात का, स्वतःचं स्वतः आवरतात का. फोनची नोंद वेगळ्या शाईने, समोर मोजलेल्या आकड्यांत मिसळायची नाही.

५ मार्च

पत्रकाची तिसरी आवृत्ती छापायला दिली. पुढच्या पानावर: १० मीटर (सेकंद, पावलं, वळण, आधी चार फेऱ्या), खुर्चीची चाचणी, तोल, खुंट्या, शब्द, स्ट्रूप किंवा ‘लागू नाही’, लघवी दोन उत्तरांसह, डायरी, त्रास. मागच्या पानावर बेरीज, रँकिन, फोन. गुडघे, मणका आणि मधुमेहाने बधिर झालेले पाय यांसाठी एक ओळ वाढवली. त्यांचं दुखणं शंटने जात नाही आणि वेग मात्र तेही खातात.

मोबाइलवर घेतलेले चालण्याचे व्हिडिओ मिरजेच्या एका फिजिओ मैत्रिणीकडे पाठवायचे आहेत, चेहरे झाकून, आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता हे न सांगता. रुग्णांच्या संमतीचे फॉर्म एथिक्स कमिटीकडे गेलेत. कॉरिडॉरमध्ये नवी फरशी बसवायचं चाललंय. टेप पुन्हा मोजून लावावी लागेल.